'पालिपक्षी' की मांसल परांचे मासे?

प्रश्न असा आला आहे: ट्रिस्टिकोप्टेरिडी या नामशेष झालेल्या माशांच्या कुलाबद्दल लिहिताना 'लोब-फिन्ड'ला ('लोब' म्हणजे पाळी, 'फिन' म्हणजे माशाचा पर) मराठीत काय म्हणावं? 'पालिपक्षी' हा शब्द वाचनात आला, पण त्याने डोळ्यांसमोर पाखरू येतं.

पाखरू येणारच. ज्याला पक्ष, म्हणजे पंख, तो पक्षी. आणि हा शब्द मराठीत पाखरांच्या नावावर कधीच लागला आहे. 'पालि' म्हणजे कानाची असते ती पाळी, पण घाईत वाचणाऱ्याला तिथे पालच दिसते. घडण व्याकरणाला धरून आहे, तरी शब्द माशापर्यंत पोचत नाही.

मी 'मांसल परांचे मासे' लिहितो. पर सर्वांच्या ओळखीचा. 'मांसल' का, ते पापलेट शेजारी ठेवलं की कळतं. पापलेटाचा पर म्हणजे बारीक काड्या आणि त्यांवर ताणलेलं पातळ कातडं. या माशांच्या अंगातून मात्र आधी मांसाचा जाड देठ निघे, त्यात हाडं असत, आणि पर त्याच्या कडेने फुटे. कॅनडात मिग्वाशाच्या खडकांत सापडलेला युस्थेनॉप्टेरॉन याच कुलातला. त्याच्या पुढच्या परात खांद्यापाशी एक हाड, त्यापुढे दोन. आपला दंड चाचपून पाहा, मग कोपराखाली: एक, मग दोन. तीच ती हाडं, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीची! चार पायांच्या प्राण्यांचे हे जवळचे भाऊबंद. म्हणून 'मांसल' मला सोडवत नाही.

अर्थात पक्ष म्हणणाऱ्याला चूक ठरवता येत नाही, कारण मूळ नावातही पंखच आहे. स्कॉटलंडमधल्या जीवाश्माला इंग्लिश जीवाश्मतज्ज्ञ एजर्टन यांनी १८६१ मध्ये ट्रिस्टिकोप्टेरस नाव दिलं. ग्रीकमध्ये 'ट्राय' तीन, 'स्टिखोस' ओळ, 'प्टेरॉन' पंख. हेलिकॉप्टरमधला 'प्टर' तोच. संस्कृत 'पतत्र', म्हणजे पंख, हा त्याचा सगोत्र. दोन्हींच्या मुळाशी उडण्याचा एकच जुना धातू आहे.

ट्रिस्टिकोप्टेरिडीच्या शेवटच्या 'इडी'त 'अमक्याची संतती' असा ग्रीक अर्थ आहे. पांडूचे ते पांडव, तसं. त्यामुळे 'कुल' चपखल बसतं. तिथे 'प्रजाती' मात्र लिहू नये. हिंदीतली प्रजाति म्हणजे आपली जाती. वर्तमानपत्रांत हा घोळ रोज दिसतो. मराठी विश्वकोशाची उतरंड कुल (फॅमिली), प्रजाती (जीनस), जाती (स्पीशीज) अशी आहे. म्हणजे ट्रिस्टिकोप्टेरस ही प्रजाती, ट्रिस्टिकोप्टेरिडी हे कुल.