दहा नंबरवरून मागे आलास म्हणून

फुटबॉलच्या टीममध्ये कोचनी तुला स्ट्रायकरच्या मागून, म्हणजे दहा नंबरच्या जागेवरून काढून डिफेन्ससमोर डिफेन्सिव्ह मिडफिल्डर म्हणून उभं केलं, यात शिक्षा कसली? इटलीचा आंद्रेआ पिर्लोही आधी पुढेच खेळायचा. २००१ मध्ये ब्रेशिया क्लबात कोच कार्लो माझोनेनी त्याला मागे आणलं, मिलान क्लबात कोच अंचेलोत्तीनी तिथेच ठेवलं आणि २००६ चा वर्ल्ड कप तो त्याच जागेवरून जिंकला. आपल्याकडचं बघायचं तर २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताचा एकमेव गोल करणारा जिक्सन सिंगसुद्धा मिडफिल्डरच.

आता कामाचं. पास येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघ. चेंडू पायात आल्यावर बघितलंस तर उशीर झालेला असतो. अंग अर्धं वळवून, पास येतो त्या बाजूपासून लांबच्या पायावर चेंडू घे, म्हणजे पहिल्याच टचला पुढे खेळता येतं. ही सवय लागायला महिने जातात, आणि माझ्या मते मिडफिल्डरचं करिअर यावरच उभं राहतं; वेग नंतरचा. डाव्या पायाने रोज भिंतीवर चेंडू मारून सराव कर.

नेरुळ-वाशीच्या टर्फवर फाइव्ह-अ-साइड (पाच-पाच जणांची मॅच) जरूर खेळ, पास झटपट होतात. पण तिथे तीस-चाळीस मीटरचा पास कधी मारावाच लागत नाही, म्हणून रविवारी मोठं मैदान चुकवू नकोस. पावसाळ्यात चिखलात जमिनीवरचा पास अडकतो. तेव्हा चेंडू उचलून टाकायचा सराव कर.

बारावी मात्र सोडू नकोस. गुडघा एकदा गेला की अख्खा सीझन बाहेर बसावं लागतं. आणि ट्रायलला जाशील तेव्हा फॉर्मवर जागा लिहिताना ‘डिफेन्सिव्ह मिडफिल्डर’ असंच लिही.