सापळा तिकडचा, कोल्हा इकडचा

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. शेजाऱ्याचं पाहून त्यालाही कायोटी (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) आणि इतर फरवाले प्राणी सापळ्यात धरायला शिकायचंय. सुरुवात कशी करावी? दिवाळीला येताना एक सापळा आणू का, असंही तो विचारतो. आमच्या द्राक्षबागेत उन्हाळ्यात कोल्हे ठिबकच्या नळ्या फोडतात.
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : सापळा आणायचा नाही, हे आधी सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार फासा किंवा सापळा लावणं ही शिकारच आहे. २०२२च्या दुरुस्तीपासून कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, बिबट्याच्या बरोबरीने. शिक्षा किमान ३ वर्षं कैद. शिवाय तुमच्या भागात उसातला बिबट्याही त्याच बांधावरून जातो. मी वनखात्यात असताना रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात कमरेला अडकलेली बिबट्याची मादी पाहिली आहे. तिची तडफड मला आजही आठवते.

तिकडे हे काम रीतसर चालतं, पण राज्याराज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये फरसाठी सापळे लावण्यावर बंदीच घातली. विस्कॉन्सिनमध्ये नवख्याने आधी प्रशिक्षण घ्यायचं, मग परवाना. हंगाम थंडीचा, कारण फर तेव्हाच दाट असते. दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाला विचारूनच जायचं.

पहिल्या वर्षी कायोटीच्या मागे लागू नये, तो फार सावध प्राणी. रकून या झुबकेदार शेपटीच्या लहान प्राण्यापासून सुरुवात करावी. त्याच्यासाठी नळीसारखा बंद सापळा मिळतो. पंजा आत घालून ओढल्याशिवाय तो मिटत नाही, त्यामुळे कुणाचं कुत्रं सहसा अडकत नाही.

कायोटीसाठी पाय पकडणारा सापळा वापरतात. साखळीला फिरती कडी हवीच, नाहीतर प्राणी गरगर फिरला की पाय पिरगळतो. तीन-चार इंच रुंदीचं तिरपं बीळ खणून तळाशी आमिष ठेवायचं आणि बिळाच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर सापळा पुरायचा. खरं कसब या पुरण्यात आहे. सापळा जरासुद्धा डुगडुगला तर कायोटी पाय मागे घेतो, कधी सापळाच उकरून काढतो. वर चाळलेली कोरडी माती पसरायची, हातात स्वच्छ रबरी मोजे.

आणि जमिनीवरचा सापळा रोज तपासायचा. तिथला तसा नियमच आहे. बर्फ असो, कामावर उशीर होवो, ज्याला रोज जाणं जमणार नाही त्याने एकही सापळा लावू नये. याबाबत मी कुणालाच सूट देणार नाही.

भाचा दिवाळीत आला की त्याला नांदूर मध्यमेश्वर जलाशयाच्या काठावर न्या आणि चिखलातले ठसे दाखवा. कुत्र्याचा ठसा रुंद आणि पसरट, कोल्ह्याचा लांबट, अरुंद, पावलं जवळजवळ एका रेषेत. जनावर कुठून येतं, कुठे थबकतं हे वाचता आलं की तिकडचं निम्मं काम झालं.

तुमच्या नळ्यांचं म्हणाल तर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर कोल्हा पाण्यासाठी येतो. बांधाच्या कडेला पसरट टाकी जमिनीत बसवून रोज भरा, नळ्या तारेवर उंच बांधा. जवळ पोल्ट्री असेल तर मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू देऊ नका, चुना घालून खोल पुरायला लावा. कोल्हा बागेतले उंदीरही खातो, त्याला राहू द्या. बांधावर कुणी लावलेला तारेचा फासा दिसला तर १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवा.