बार्जच्या वाटेत होडी घालण्याआधी

अरे पोरा,

होडी घेतलीस, मोटर लावलीस, फोटो बघितले, झकास. पण रेवसवरून धरमतरच्या खाडीने नागोठण्यापर्यंत जायचं म्हणतोस आणि विचारतोस काय, तर पेट्रोल किती लागेल! पेट्रोल सोड, आधी बार्जचं विचार, म्हणजे माल वाहणाऱ्या त्या मोठ्या सपाट बोटींचं. ही खाडी म्हणजे अंबा नदीच, ती २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १० झालीय, साधारण ४५ किमी, आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कोळसा न् खनिज याच पाण्यातून जातं.

आता बार्ज कधी येणार हे कोणाला फोन करून विचारायला नको, पाणी बघ. भरलेला बार्ज खोल बसतो, गाळात टेकू नये म्हणून भरती धरूनच आत शिरतो, म्हणजे भरतीचं टाइमटेबल तेच त्याचं टाइमटेबल. आपल्याकडची जुनी रीत, तिथीची पाऊणपट करायची, अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या आसपास पूर्ण भरती (पौर्णिमा-अमावास्येनंतर मोजणी परत एकपासून). खाडीत जसजसा वर जाशील तशी ती अजून उशिरा.

म्हणून तू भरती लागल्या लागल्या निघ, बार्ज यायच्या आत. शिवाय चुकून गाळात रुतलास तर वाढतं पाणीच उचलेल. ओहोटीला रुतलास तर सहा-आठ तास बगळे मोजत बस.

बार्जच्या खोल वाटेच्या, म्हणजे चॅनलच्या, कडांना तरंगत्या खुणा असतात, त्या बोया. बोया लाल-हिरवे असतात, आत जाताना लाल डावीकडे. तुझ्या होडीला पाणी कितीसं लागतं, तू बोयांच्या जरा बाहेरून उथळातून जा, तिथे बार्ज येऊच शकत नाही. फक्त डोल जाळ्यांचे, म्हणजे कोळी खाडीत बांधून ठेवतात त्या जाळ्यांचे, खुंट सांभाळ, दोर पंख्यात गेला की मोटर बंद, आणि कोळ्यांच्या शिव्या वेगळ्या, त्याही रास्तच. चॅनल कापायचा झाला तर काटकोनात झटकन काप, आणि बार्जच्या पुढून कधीच नाही, मागून.

मी एकदा चॅनलच्या मधोमध नांगर टाकून स्टोव्हवर चहा ठेवला होता. समोरून रिकामा बार्ज, असा उंच, केबिन पार मागे, लांबून मी दिसलो म्हणून बरं, जवळ आल्यावर नाकाखालचं पाणी त्याला दिसतच नाही. पाच छोटे भोंगे दिले त्याने. मला वाटलं रामराम करतोय, मी हात हलवला! पाच भोंगे म्हणजे 'तुझं काय चाललंय मला कळत नाहीये.' नांगर ओढायला वेळ कुठला, दोर कापला, नांगर अजून तिथेच असेल. आणि बार्ज गेल्यावर काठाचं पाणी आधी मागे ओढलं जातं न् मग लाट येते, तेव्हा काठाला चिकटून उभा राहू नकोस.

येत्या अष्टमीला ये. भांगाची भरती, ओढ कमी असते. बाराच्या सुमारास ओहोटी संपून पाणी फिरेल, साडेबाराला रेवसच्या जेटीवर भेट. पहिल्या फेरीला मी बसतो, डबा तू आण, आणि एक जादा दोर.