पाइपभोवती स्प्रे फोम भरलाय, फायर रेटेड भिंतीला तेवढं चालेल का?

नाही चालणार. तुम्ही लिहिलंय की दोन तासांच्या फायर रेटेड, म्हणजे दोन तास आग अडवणाऱ्या भिंतीतून 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप गेलाय, भोवतीच्या फटीत प्लंबरने साधा स्प्रे फोम मारलाय आणि वरून गिलावा केलाय. दिसायला छान दिसत असणार. अशा भिंती तपासणं हेच माझं काम, आणि मला धास्ती वाटते ती या छान दिसणाऱ्या भोकांची. उघडी फट निदान कुणाच्या तरी डोळ्यात खुपते.

फटीपेक्षा मोठी अडचण खुद्द पाइप आहे. पीव्हीसी 80 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतो. भिंतीच्या प्रमाणित चाचणीत भट्टी तासाभरात 945 अंशांपर्यंत नेतात. पाइप तर सुरुवातीलाच गळून पडणार. मग भोवती फोम असो की उत्तम सिमेंट, मधे 110 मिलिमीटरचं आरपार भोक उरतंच. म्हणून प्लास्टिकच्या पाइपला फायर कॉलर, म्हणजे पाइपभोवती बसणारं कडं लागतं. तिच्यातला पट्टा तापला की कित्येक पट फुगतो आणि मऊ झालेल्या पाइपला चेपून भोक बुजवतो. भिंतीला दोन्ही बाजूंनी कॉलर हवी, स्लॅबला सहसा खालून एक पुरते. ती धातूच्या अँकरनेच बसवा. प्लास्टिकच्या गिट्टीत स्क्रू पिळून लावलेल्या कॉलर मी पाहिल्यात. आगीत पाइपाआधी त्याच खाली येतील!

लोखंडी पाइप वितळत नाही, पण तापून लांबतो आणि भोवतीचं सिमेंट तडकतं. तिथे रॉकवूल (दगडी तंतूंची न जळणारी लोकर) ठासून वर फायर सीलंट, म्हणजे आग सोसणारा लवचिक भराव.

राहिला फोम. साधा पीयू फोम, म्हणजे तुमच्या प्लंबरने मारला तसला पॉलियुरेथेनचा फोम, स्वतःच पेटतो. 1975 साली अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबलच्या भोकातून हवा गळतेय का, हे कामगार चक्क मेणबत्ती धरून बघत होते. ज्योत फोमला लागली आणि 1600 हून जास्त केबल जळाल्या. 'फायर रेटेड' लिहिलेला फोमही डोळे झाकून घेऊ नका, तो बहुधा अरुंद सांध्यांसाठी तपासलेला असतो.

तेव्हा गिलावा फोडा, फोम पूर्ण खरवडून काढा. कॉलर घेताना तुमच्या पाइपाचा प्रकार, व्यास आणि भिंतीची जाडी तिच्या चाचणी अहवालात आहे का ते बघा. झाकण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि शिडी लावलीच आहे तर फॉल्स सीलिंगच्या वरही टॉर्च मारा. केबलवाल्यांनी मागाहून पाडलेली भोकं तिथेच सापडतात.