घरून कंटेंट मार्केटिंगची पहिली नोकरी: अनुभव नसताना काय शिकावं?

लेखनापेक्षा आधी लेख साइटवर नीट चढवायला शिका. नवख्याच्या वाट्याला अनेकदा तेच काम येतं आणि चाचणीही त्याची घेतली जाऊ शकते.

वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर, सराव करा. लेखाचं शीर्षक एच-१ (सर्वात वरच्या पातळीचं शीर्षक) असतं, म्हणून आतली उपशीर्षकं एच-२ पासून सुरू करा. गूगल डॉक्समधले फोटो थेट पेस्ट करू नका. कधीकधी फोटोऐवजी गूगलची लिंकच येते आणि काही काळाने चित्र गायब होतं. फोटो डाउनलोड करून घ्या, रुंदी १२०० पिक्सेलच्या आसपास आणा, मग अपलोड करून ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, लिहा.

मराठी साइट असेल तर स्लग, म्हणजे लेखाच्या वेब-पत्त्यातला शेवटचा भाग, हमखास फसतो. वर्डप्रेसमध्ये त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, एन्कोड झाल्यावर (वेब-पत्त्यासाठी %-कोडमध्ये बदलल्यावर) ९ जागा खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं बसतात, पुढचं कापलं जातं. रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा स्लग स्वतः द्या, तोही प्रकाशित करण्याआधी. नंतर बदललात तर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता वाचकाला नव्यावर कायमचा नेतो का, तपासा.

अर्जासोबत असे तीन प्रकाशित लेख जोडा, पुरे. प्रशिक्षणाच्या किंवा डिपॉझिटच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर तिथे अजिबात अर्ज करू नका.