थिसेनक्रुप समजून घ्यायचीय? सुरुवात अशी कर

मित्रा, र्‍हूरला, म्हणजे जर्मनीच्या पोलाद पट्ट्यात, जातोयस आणि थिसेनक्रुप ही पोलाद कंपनी नीट समजून घ्यायचीय म्हणतोस, मस्तच! एकदम शेअर आणि बॅलन्सशीटमध्ये घुसू नकोस, ते नंतर बघू.

आधी हे पक्कं कर की ही दोन वेगळी घराणी. क्रुप एसेनचे, १८११ पासून, थिसेन डुइसबर्गकडचे. एकत्र आले थेट १९९९ ला. नवीन माणूस हमखास इथेच गोंधळतो.

अजून दोन चुका टाळ:
- लोगोतल्या तीन रिंगा म्हणजे तोफांची तोंडं नव्हेत, रेल्वेच्या चाकांवरच्या बिनजोड पोलादी धावा आहेत त्या. तोफा केल्याच त्यांनी, पण खूण चाकांची.
- लिफ्टचा धंदा आता त्यांचा नाही, २०२० ला विकला.

एसेनला व्हिला ह्युगल, क्रुप घराण्याचा वाडा, बघ, पण तिथला थाट बघून थांबू नकोस, दुसऱ्या महायुद्धात क्रुपच्या कारखान्यांत वेठबिगारी होती आणि त्यासाठी मालक आल्फ्रीड क्रुपला १९४८ मध्ये शिक्षा झाली, हे वाचूनच जा. मग डुइसबर्गचा लँडशाफ्ट्सपार्क, थिसेनचा १९८५ ला बंद पडलेला लोखंडाचा कारखाना, तिथल्या ५ नंबरच्या भट्टीवर चढताच येतं! बूट चांगले घाल.