गर्दीवर चिडलेल्या विद्यार्थिनीला पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एम.ए.ला युरोपातला राजकीय विचार हा विषय घेतलास, आनंद झाला. मॅकियाव्हेली, हॉब्ज, लॉक, रूसो अशी तुझी यादीही पाहिली. पण पत्राच्या शेवटी जे लिहिलंस ते मनातून जाईना. लोकांवरचा विश्वास उडालाय, चार माणसं जमली की त्यांची अक्कल गहाण पडते, मग लोकशाहीवर एवढं वाचून करायचं काय, असं तू विचारलंस. मला हा प्रश्न यादीपेक्षा मोठा वाटतो. म्हणून आज त्यावरच लिहितो.

यादी सध्या बाजूला ठेव. एक देश घे आणि एक वर्ष घे. नेदरलंड्स, १६७२. महिनाभर तिथंच मुक्काम कर. तुझ्यासारखाच, किंबहुना तुझ्याहून जास्त, गर्दीवर चिडायचा हक्क असलेला एक माणूस तिथं तुला भेटेल.

आधी देश समजून घे. सात प्रांतांचं हे प्रजासत्ताक. स्पेनच्या राजाशी ऐंशी वर्षं झुंजून १६४८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आकाराने एवढंसं, पण व्यापारात, जहाजांत आणि छापखान्यांत युरोपात सगळ्यांच्या पुढे. बाकी देशांत जे छापता येत नसे ते ॲम्स्टरडॅमला छापून निघे. राजा नाही. शहरोशहरीची धनिक घराणी कारभार बघत. दुसरीकडे ऑरेंज घराणं: त्यांच्याकडे परंपरेने सेनापतीपद आणि प्रांतांचं अधिपतीपद, आणि सामान्य माणसाचं प्रेमही त्यांच्याच बाजूला. या दोघांतली ओढाताण नीट कळली की पुढचं सगळं कळतं. १६५० मध्ये ऑरेंजच्या दुसऱ्या विल्यमने विरोधातल्या काही कारभाऱ्यांना पकडून किल्ल्यात डांबलं आणि ॲम्स्टरडॅमवर फौज धाडली. डांबलेल्यांत याकोब द विट नावाचे एक गृहस्थ होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात विल्यम देवी येऊन वारला आणि आठ दिवसांनी त्याचा मुलगा जन्मला, तिसरा विल्यम. तीन वर्षांनी याकोबचा मुलगा योहान द विट हॉलंड प्रांताचा, म्हणजे व्यवहारात देशाचाच, मुख्य कारभारी झाला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

योहान द विट हा माणूस मला फार आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. राज्य चालवता चालवता तो गणित करायचा. वक्ररेषांवर त्याचं पुस्तक आहे. १६७१ मध्ये त्याने वर्षासनांवर एक टिपण लिहिलं, ते मुद्दाम बघ. सरकार तेव्हा लोकांकडून पैसे उचलून त्याबदल्यात तहहयात वर्षासन द्यायचं. वर्षाला एक गिल्डर हवा तर आज चौदा भरायचे. द विटने माणसं कुठल्या वयात किती मरतात याचा अंदाज धरून, चार टक्के व्याजाने हिशोब मांडला आणि दाखवलं की त्या वर्षासनाची खरी किंमत सोळाच्या आसपास आहे. म्हणजे सरकार ते स्वस्तात विकत होतं. लढाई तोंडावर आलेली असताना देशाचा सर्वोच्च कारभारी माणसाच्या आयुष्याची संभाव्यता मोजत बसलाय, आणि तेही खजिन्याच्या कामासाठी! विचार आणि राज्यकारभार वेगळे करता येत नाहीत असं मी वर्गात म्हणायचो ते याच्यासारख्यांमुळे.

बापाला डांबलेलं पाहिलेल्या या मुलाने पुढे ऑरेंज घराण्याला सत्तेपासून लांब ठेवलं. १६६७ मध्ये हॉलंडने ते परंपरागत अधिपतीपदच रद्द केलं. पोरक्या विल्यमला मात्र राज्याचं मूल म्हणून सांभाळलं, आणि राज्यकारभाराचे धडे द्यायला द विट स्वतः जायचा. त्याच वर्षी डच आरमार टेम्सच्या तोंडातून मेडवे नदीत घुसलं, इंग्रजांची जहाजं जाळली आणि त्यांचं मुख्य जहाज ओढून नेलं. त्या मोहिमेवर सरकारचा प्रतिनिधी होता योहानचा थोरला भाऊ कॉर्नेलिस. देशभर दोघा भावांचा जयजयकार झाला.

पाच वर्षांत सगळं उलटलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने इंग्लंडच्या राजाशी गुप्त करार करून ठेवला होता. १६७२ च्या एप्रिलमध्ये दोघांनी युद्ध पुकारलं, म्युन्स्टर आणि कोलोनचे धर्मगुरू-राजे त्यांना सामील. जूनमध्ये लुईची फौज ऱ्हाइन ओलांडून आली आणि काही आठवड्यांत तीन प्रांत पडले. आरमार भक्कम होतं, भूसेना कुचकामी. याचं कारण नीट समजून घे. भूसेना म्हणजे ऑरेंज घराण्याची ताकद, म्हणून कारभाऱ्यांनी ती वर्षानुवर्षं वाढू दिली नव्हती. शेवटी डचांनी बांध फोडले, उघाड्या, म्हणजे बांधांतली पाण्याची दारं, सोडल्या आणि आपल्याकडच्या खाजणासारखी समुद्रापासून कमावलेली स्वतःचीच जमीन पाण्याखाली घातली. फौजेला चालता येऊ नये इतकं खोल, आणि होड्या चालू नयेत इतकं उथळ. शेतकऱ्यांची शेतं गेली, पण हॉलंड वाचलं.

लोक भेदरले होते. दोष कुणाला द्यायचा ते ठरून गेलं होतं. जूनमध्ये योहानवर रात्री रस्त्यात हल्ला झाला, तो जखमी होऊन पडला. जुलैत एकवीस वर्षांच्या विल्यमला अधिपती केलं. ऑगस्टच्या सुरुवातीला योहानने राजीनामा दिला. टिकेलार नावाच्या एका न्हावी-वैद्याने तक्रार केली की कॉर्नेलिसने राजपुत्र विल्यमला मारायची सुपारी देऊ केली. कॉर्नेलिसचा छळ केला, त्याने काहीही कबूल केलं नाही, तरी हद्दपारीची शिक्षा झाली. २० ऑगस्टला योहान त्याला न्यायला हेगच्या तुरुंगात गेला. बाहेर गर्दी जमली. घोडदळ पहाऱ्यावर होतं. शेतकरी लुटायला येताहेत अशी अफवा उठली आणि घोडदळाला तिथून हलवलं. मग दोघांना बाहेर ओढून ठार केलं, प्रेतं उलटी टांगली, त्यांचे तुकडे केले आणि ते विकले.

मारणारे कोण होते ते बघ. हेगच्या नागरी पथकातली माणसं, स्वतःचं घर, स्वतःचा धंदा असलेली. पुढे होता एक चांदीचा कारागीर. युरोपातल्या सगळ्यात शिकलेल्या, सगळ्यात मोकळ्या देशाचे हे नागरिक. नव्या अधिपतीने मारेकऱ्यांवर खटले भरले नाहीत, आणि टिकेलारला पुढे निवृत्तिवेतन मिळालं.

त्याच गावात एका चित्रकाराच्या घरी वरच्या खोलीत भिंगं घासून पोट भरणारा एक माणूस राहायचा. बारुख स्पिनोझा. घराणं पोर्तुगालमधून इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाच्या, भीतीने पळालेलं ज्यू. ही इन्क्विझिशन तुला परकी वाटायला नको. तीच १५६० मध्ये गोव्यात आली आणि १५८० मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याची हाडं मरणानंतर बारा वर्षांनी उकरून जाळली. स्पिनोझाला त्याच्या स्वतःच्या समाजाने १६५६ मध्ये, वय तेवीस असताना, वाळीत टाकलं. १६७० मध्ये त्याने 'धर्म-राजकीय प्रबंध' हे पुस्तक काढलं: लेखकाचं नाव नाही, आणि छपाईचं ठिकाण खोटं, हॅम्बर्ग. राज्याचं प्रयोजन माणसाला धाकात ठेवणं हे नसून त्याला मोकळं करणं हे आहे, असं त्यात म्हटलं होतं. पुस्तक लॅटिनमध्ये होतं. ते डचमध्ये येऊ नये म्हणून त्याने मित्राला पत्र लिहून भाषांतर थांबवायला सांगितलं. भीती पोकळ नव्हती. अशाच विचारांचं पुस्तक बोलीभाषेत लिहिणारा त्याचा मित्र आद्रियान कूर्बाख १६६९ मध्ये कैदेत मेला होता. त्या देशातलं स्वातंत्र्य एवढंच होतं, आणि तरी बाकीच्या युरोपात एवढंही नव्हतं. दोन्ही गोष्टी एका वेळी डोक्यात ठेवायची सवय लाव.

आणखी एक तिसरी गोष्ट ठेव. याच मोकळ्या देशाच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये जायफळासाठी बांदा बेटांवरची जवळजवळ सगळी वस्ती नाहीशी केली. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती आणि शिवकाळाबद्दल बरंच काही आपल्याला डच पत्रांतून कळतं. शिवाजी महाराजांचं गोवळकोंड्याच्या शैलीतलं एक जुनं चित्र आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे, ते त्या शहराचा एक महापौर विटसेन याच्या संग्रहातलं. आपला आणि त्यांचा इतिहास एकाच शतकात, एकाच किनाऱ्यावर भेटतो. स्पिनोझा वाचताना वेंगुर्ला विसरू नकोस.

आता तुझा प्रश्न. द विट बंधूंना मारलं त्या रात्री स्पिनोझा काय करायला निघाला? नंतर १६७६ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्नित्स त्याला भेटायला आला, तेव्हा त्याने ते सांगितलं आणि लायब्नित्सने टिपून ठेवलं. हे रानटीपणाचं टोक आहे असं कागदावर लिहून तो खुनाच्या जागी लावायला निघाला होता. घरमालकाने दाराला कुलूप घातलं, म्हणून वाचला. स्पिनोझा आणि योहान द विट जवळचे मित्र होते असं तू पुष्कळ ठिकाणी वाचशील. त्याला पक्का पुरावा नाही, आणि त्याची गरजही नाही. अनोळखी माणसाच्या खुनानेही एवढा संताप येऊ शकतो.

पुढच्या वर्षी तो फ्रेंचांच्या ताब्यातल्या युट्रेख्टला जाऊन आला आणि गावात कुजबुज सुरू झाली की हा शत्रूचा हेर. घरमालक घाबरला. स्पिनोझा त्याला म्हणाला, दाराशी आवाज झाला की मी स्वतः बाहेर जाईन, मग त्यांनी माझं द विट बंधूंसारखं काही का करेना. कोलेरस नावाच्या चरित्रकाराने हे नोंदवलंय. त्याच १६७३ मध्ये हायडेलबर्गच्या विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केलं, ते त्याने नाकारलं. १६७४ मध्ये त्याच्या पुस्तकावर बंदी आली.

आणि मग त्याने राज्यकारभारावर शेवटचं पुस्तक लिहायला घेतलं. तुझ्या यादीतल्या सगळ्यांच्या आधी हे 'राजकीय प्रबंध' वाच. लहान आहे, अपुरं आहे. सुरुवातीलाच तो सांगतो की माणसांच्या वागण्यावर हसायचं नाही, रडायचं नाही, तिरस्कार करायचा नाही, ते समजून घ्यायचं असं मी ठरवलंय. हे वाक्य शांत अभ्यासिकेतलं समजून वाचशील तर त्यातलं काहीच हाती लागणार नाही. हे लिहिणाऱ्याच्या गावात चार वर्षांपूर्वी माणसाचे तुकडे विकले गेले होते.

मग सातव्या प्रकरणातला सत्ताविसावा परिच्छेद काढ. लोक अडाणी, बेफाम, त्यांना अक्कल नाही, असं म्हणणाऱ्यांना तो उत्तर देतो: स्वभाव सगळ्यांचा सारखाच. राज्याची महत्त्वाची कामं लोकांच्या पाठीमागे चालवायची, आणि मग लोकांना कळत नाही म्हणायचं, यात नवल ते काय? नवव्या प्रकरणात तर तो थेट स्वतःच्या देशावर येतो. हॉलंडवाल्यांना वाटलं की वरचा काउंट, म्हणजे प्रांताचा धनी, काढला की झालं. बाकीची घडण त्यांनी तशीच ठेवली, सत्ता फारच थोड्यांच्या हातात राहिली, आणि राज्य कोसळलं ते त्यामुळे. हा आरोप आहे द विटच्याच पक्षावर. ज्याच्यासाठी तो जीव धोक्यात घालून निघाला होता, त्याच्या कारभाराचा दोष त्याने स्वच्छ दाखवला. ज्या राज्याची सुरक्षितता कुणा एकाच्या चांगुलपणावर टेकलीय ते टिकत नाही, असं तो म्हणतो. व्यवस्थाच अशी लावा की कारभारी भला असो की लोभी, त्याला वाईट वागणं जमू नये.

तुला गर्दीचा राग आलाय. येऊ दे. पण त्या रागातून 'लोकच असे' एवढंच बाहेर पडत असेल तर त्या चांदीच्या कारागिराबद्दल आपण काहीही शिकलो नाही. त्याला काय माहीत होतं, ते त्याला कुणी सांगितलं, काय सांगितलं नव्हतं, मत मांडायला त्याच्याकडे दुसरी कुठली जागा होती, आणि घोडदळ कुणी हलवलं, हे विचार. तू जी गर्दी पाहिलीस तिच्याबद्दलही हेच विचार.

स्पिनोझालाही डोक्यावर घेऊ नकोस. लोकशाहीवरच्या अकराव्या प्रकरणात तो पोहोचतो आणि पहिल्याच पानांत स्त्रियांना मताधिकारातून बाहेर ठेवतो, स्वभावतः दुबळ्या म्हणून. त्यानंतर पुस्तक तुटतं. २१ फेब्रुवारी १६७७ ला तो वारला, वय चव्वेचाळीस. प्रकरण पुढे कुठे गेलं असतं ते कुणाला सांगता येणार नाही. पण जे लिहिलं ते चुकीचं लिहिलं, आणि त्याच्याच पद्धतीने ते खोडून काढता येतं. तू ते करून बघ, दोन पानांत.

विल्यमला खलनायक करायचा मोहही होईल. पण शत्रूंनी त्याला त्यांच्या आश्रयाखाली राजा व्हायचं आमिष दाखवलं तेव्हा त्याने ते धुडकावलं आणि देश वाचवला. १६८९ मध्ये तो इंग्लंडचा राजा झाला, पार्लमेंटने मांडलेल्या हक्कांच्या जाहीरनाम्यासकट. हॉलंडच्या आश्रयाला राहिलेला तुझा लॉक त्याच वर्षी इंग्लंडला परतला. तुझी यादी इथून पुन्हा सुरू होते. ज्याने खून पचवले त्याच्याच राज्यात लॉकची पुस्तकं निघाली. मला हे अजूनही सहज गिळता येत नाही.

कामाचं सांगतो. भिंतीवर नेदरलंड्सचा नकाशा लाव, त्यावर बुडवलेला पट्टा निळ्या पेन्सिलीने भर. स्पिनोझाच्या १६७० च्या पुस्तकाचं विसावं प्रकरण आणि 'राजकीय प्रबंधा'चं पहिलं, सातवं, नववं आणि अकरावं एवढंच आधी वाच. ऑरेंजवाल्यांची बाजू मांडणारं काही मिळालं तर तेही वाच, नुसता द विटचा पक्ष घेऊन बसू नकोस. आणि सुट्टीत येशील तेव्हा वर्षासनाचं ते गणित सोडवून आण. चार टक्के, चक्रवाढ, कायमच्या वर्षासनाला पंचवीस आणि तहहयातला सोळा कसे येतात ते मला पाटीवर करून दाखवायचं.

तुझे
सर